अडीच फूट

नकाशात ही गल्ली सरळ आहे.
सर्व्हे नंबर, शाईची रेघ, कोपऱ्यात साहेबांची सही.
जमिनीवर मात्र ती वळते,
सावकाश,
भरलेल्या वाघिणी ओढणारी गाडी वळावी तशी.

टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं रतिलालच्या.
"साहेब, लोकांनी भिंती वाकड्या घातल्यात."
नाही रतिलाल, भिंती बरोबर आहेत.
खाली रूळ होते,
आणि रुळांना
एकदम वळता येत नाही.

हरिविजय मिलची सायडिंग.
छोट्या लाइनीची गाडी प्रतापनगरकडून
कापसाच्या गाठी घेऊन यायची,
तागे भरून परत जायची.
तिला अंग चोरून जागा देत घरं उभी राहिली.
मग मिल गेली, रूळ उचलले,
घरांनी अंग सैल केलं नाही.

रूळ कुठे गेले ते दारोदार सापडतं:
दोन मोहित्यांच्या पडवीला, खांब म्हणून,
एक झाकीरभाईंच्या गॅरेजात, इंजिन टांगायला.
शाळेत हातभर तुकडा लोंबतोय,
शिपाई त्यावर बोल्ट हाणतो
साडेदहाला आणि पाचला;
पाचला पोरं अशी सुटतात
की जुनी माणसं ओट्यावरून पाय आत घेतात,
पहिली पाळी सुटली वाटून.
माझ्या तक्त्यात याला रकाना नाही.
"इतर"खाली लिहितो: लोखंड, जुने.

विश्वामित्रीच्या उतारावर रंगखात्याचं मोरीतोंड,
दगडी कमान, अजून शाबूत.
म्हणे, पाण्याकडे बघून कळायचं
आत काय निघतंय:
नीळ असली की धोब्यांच्या शिव्या,
लग्नसराईआधी आठवडाभर नदी कुंकवाची.
आता त्या कमानीखाली मगर असते.
नऊला ऊन येतं, नऊला ती वर येते.
हरिविजयच्या हजेरीपटावर
एवढंच नाव उरलंय बहुतेक,
आणि पगार तुंबलाय म्हणून
तिची काही तक्रार नाही.

गल्लीच्या शेवटाला दोन घरांमध्ये फट.
टेप लावला. अडीच फूट.
पुन्हा लावला, खालून, वरून.
अडीच.
चाळीस वर्षांत दोघांपैकी कुणीही
एक वीट पुढे सरकवली नाही?

द्वारकाबाई फणसे माझ्या ओठांकडे बघत होत्या.
बावीस वर्षं रीळखात्यात, सांच्यांच्या भिंतीला लागून;
कान तिथेच जमा केले, म्हणतात, पावती मिळाली नाही.
"का सोडलीत जागा?"
"गाडी येईल म्हणून नाही हो,"
त्या मोठ्याने म्हणाल्या, पलीकडच्या काठाला ऐकू जावं इतक्या,
"आमची नव्हती म्हणून."

तेवढ्यात झाकीरभाईंचा धाकटा धावत आला,
उत्तरायणाला दोन दिवस, बोटांना चिकटपट्ट्या,
तुटलेल्या दोराची दोन टोकं नाचवत.
बाईंनी ती घेतली, माझ्यावरची नजर न काढता.
अंगठा, तर्जनी, एक गिरकी, दातांनी शेपूट तोडलं.
गाठ कुठे आहे ते मला दिसेना.
ओढून पाहिली. सरकेना.
"फणीतून जायला हवी ना,
जाड मारली की मुकादम आणा कापायचा."
पोराने ऐकलं नाही. तो केव्हाच फटीतून पळाला,
आणि मागोमाग त्याचा पतंग वर,
त्या गाठीवर भार टाकून,
कमानीवरून, मगरीवरून,
पल्याडच्या बाभळी टाळत.

मालकीच्या रकान्यात पेन टेकवलं.
टेकलेलंच राहिलं, शाईचा थेंब पसरला.
"साहेब, चहा?" रतिलालने विचारलं.
हो म्हटलं.
फटीतून निघालो, मी पुढे, तो मागे,
मध्ये टेप,
गुंडाळायचा राहिलेला.